आफ्रिकेतलं जनुकीय वैविध्य: मोजायचं कसं, वाचायचं कसं, आणि हिशेब कुठे फसतो

प्रश्न असा आला आहे: "जगातलं सर्वांत जास्त जनुकीय वैविध्य आफ्रिकेत, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. हे मोजतात कसं? खुला डेटा घेऊन घरच्या संगणकावर आफ्रिकेतल्या लोकसमूहांचं विश्लेषण करायचं तर कुठे फसायला होतं? आणि आपल्याकडच्या सिद्दींबद्दल यातून काही कळतं का?" तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलगच लिहितो.

मोजमापापासून सुरुवात करू. प्रत्येकाकडे जीनोमच्या, म्हणजे डीएनएच्या संपूर्ण मजकुराच्या, दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. प्रत्येकी साधारण ३०० कोटी अक्षरांच्या. या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून फरक मोजले, तर नायजेरियातल्या योरुबा माणसात दर हजार अक्षरांमागे साधारण एक फरक सापडतो. युरोपात किंवा पूर्व आशियात हाच आकडा पाऊणच्या आसपास येतो. आता दोन वेगवेगळी माणसं घ्या. २०१० साली दक्षिण आफ्रिकी प्रदेशातल्या सॅन लोकांचे जीनोम प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन सॅन व्यक्तींमध्ये दर हजार अक्षरांमागे सरासरी १.२ फरक निघाले. एक युरोपीय आणि एक आशियाई यांच्यात ते १.० होते. कालाहारीतली दोन माणसं आपल्या डोळ्यांना सारखी दिसतील, पण त्यांच्यातलं अंतर पॅरिस आणि बीजिंगमधल्या अंतरापेक्षा जास्त आहे.

यावरून 'आफ्रिकी लोक एकमेकांपासून फारच वेगळे' असा अर्थ मात्र काढू नका. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी प्रथिनांच्या प्रकारांवरून दाखवलं होतं की माणसामाणसातल्या फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. पुढे डीएनएवर केलेली मोजमापंही त्याच सुमाराची आली. समूहासमूहांतलं अंतर हा उरलेला छोटा भाग. आपली सगळी विश्लेषणं त्या छोट्या भागावर चालतात, म्हणूनच लहानशी चूकही निकाल उलटवते.

वैविध्य आफ्रिकेत जास्त का, याचं कारण सोपं आहे. ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी खंडाबाहेर पडलेला गट छोटा होता. त्याने स्वतःबरोबर वैविध्याचा एक तुकडाच नेला. बाकीचं सगळं वैविध्य मागे राहिलं, आणि तिथे माणसं त्याआधी दोन लाखांहून अधिक वर्षं नांदत होतीच. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे अवशेष सुमारे ३ लाख १५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मातृरेषांचं झाड पाहिलं की हे एका नजरेत दिसतं. मातृरेषा म्हणजे फक्त आईकडून मिळणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएची रेषा; तिच्या मुख्य फांद्या एल० ते एल६. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या जुन्या मातृरेषा एम आणि एन या दोनच फांद्यांत बसतात, आणि त्या दोन्ही फुटल्या एल३मधून. निम्म्याहून जास्त भारतीयांची मातृरेषा एम आहे. म्हणजे लागोसमधल्या एल३ असलेल्या बाईची मातृरेषा नामिबियातल्या एल०पेक्षा सोलापुरातल्या एमला जवळची आहे. 'आफ्रिकी विरुद्ध बाकीचे' अशी रेघ ओढली की ती या झाडाच्या एका फांदीच्या मधोमध जाते, फांद्यांच्या सांध्यावर पडत नाही.

इथे एक जुनी गंमत सांगायला हवी. मातृरेषांचं मूळ आफ्रिकेत असल्याचं सांगणारा १९८७चा प्रसिद्ध अभ्यास १४७ व्यक्तींवर झाला. त्यात 'आफ्रिकी' म्हणून धरलेले २० जण होते, आणि त्यातले १८ अमेरिकेतले कृष्णवर्णीय. खुद्द आफ्रिकेत जन्मलेले दोनच. १९९१ साली १२१ आफ्रिकी व्यक्ती घेऊन तेच काम पुन्हा झालं. झाड बांधण्याच्या पद्धतीवर त्यानंतरही टीका झाली. निष्कर्ष टिकला. पण सोयीचा नमुना उचलून त्याला खंडाचं नाव द्यायची खोड तेव्हापासूनची आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

आता इतिहासाचे थर. सर्वांत खोल फाटा दक्षिणेतल्या खोई-सॅन समूहांचा (सॅन शिकारी आणि खोई पशुपालक). क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर बॅलिटो बे इथे सापडलेल्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जीनोम २०१७ साली वाचला गेला. त्यावरून हा फाटा साडेतीन लाख ते २ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा असल्याचा अंदाज आला. आजच्या जिवंत खोई-सॅन लोकांवरून आधी काढलेले आकडे कमी येत होते. कारण आजच्या प्रत्येक खोई-सॅन समूहात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पशुपालकांची ९ ते ३० टक्के मिसळ आहे, आणि त्या पशुपालकांनी युरेशियाचा अंशही बरोबर आणला होता. मिसळीने अंतर कमी दिसतं. मुलगा मिसळीच्या आधीचा होता म्हणून खरं अंतर दिसलं. आजच्या नमुन्यावरून जुनी तारीख काढताना ही गोष्ट कायम लक्षात ठेवायची.

शिवाय 'सॅन हे जगातले सर्वांत जुने लोक' हे वाक्य चुकीचं आहे. प्रत्येक जिवंत माणसाची वंशरेषा सारखीच लांब असते. फाटा जुना आहे, माणसं जुनी नाहीत. आणि फाटा म्हणजे एका दिवशी झालेली वाटणीही नव्हे. २०२३ साली नामा (दक्षिणेतले खोई मेंढपाळ) लोकांचे ४४ जीनोम घेऊन झालेल्या अभ्यासाने असं चित्र मांडलं की खूप काळ दोन किंवा अधिक सैल जोडलेले लोकसमूह एकमेकांत ये-जा करत होते. त्याआधी २०२० साली पश्चिम आफ्रिकी जीनोममध्ये २ ते १९ टक्के अंश कुठल्यातरी अज्ञात, लुप्त मानवी शाखेचा आहे असं मॉडेल आलं होतं. सैल जोडणीच्या चित्रात त्या लुप्त शाखेची गरजच उरत नाही. माझा कल सैल जोडणीच्या चित्राकडे आहे. उष्ण प्रदेशातून लाख वर्षं जुना डीएनए हाती लागत नाही तोवर हा वाद निव्वळ मॉडेलांचा राहणार.

दुसरा मोठा थर बांटू भाषिकांच्या विस्ताराचा. कॅमेरून-नायजेरिया सीमेवरून, साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वी, शेतीबरोबर ही माणसं आणि त्यांच्या भाषा दक्षिणेकडे नि पूर्वेकडे पसरल्या. आज या कुळात सुमारे ५०० भाषा आहेत. २०२४ साली १४ देशांतल्या १४७ समूहांमधल्या १७६३ लोकांचा डेटा एकत्र पाहिला गेला. मूळ स्थानापासून दूर जावं तसं वैविध्य घटत जातं, आणि आजचा झांबिया नि काँगोचा भाग ही मोठी वाटसंधी होती, असं त्यातून दिसलं. पुरुषरेषांत (बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर) ई-एम२ ही या विस्ताराची ठळक खूण.

पण जिथे जिथे ही माणसं पोचली तिथे काय झालं ते वेगवेगळं आहे, आणि शिकण्यासारखं तेच आहे. दक्षिणेत, कोसा नि त्स्वाना लोकांमध्ये, खोई-सॅन मातृरेषा एल०डी भरपूर सापडते; पुरुषरेषा मात्र बहुतांशी बाहेरून आलेल्या. म्हणजे स्थानिक बायका नव्या घरांत आल्या, आणि त्यांच्याबरोबर भाषेत चटकारे आले: कोसा आणि झुलू भाषांतले क्लिक ध्वनी तिथूनच उसने आहेत. मलावीत याच्या उलट. तिथले जुने शिकारी-संकलक हजारो वर्षं होते, त्यांच्या हाडांचा डीएनए २०१७ साली वाचला गेला, पण आजच्या मलावीच्या लोकांत त्यांचा मागमूस जवळपास नाही. कॅमेरूनमधल्या शुम लाका इथे तर अपेक्षाभंगच झाला. बांटू विस्ताराच्या माहेरघरातच ८००० आणि ३००० वर्षांपूर्वी पुरलेली चार मुलं, पण ती आजच्या बांटू भाषिकांची थेट पूर्वज निघाली नाहीत. त्यांचं नातं पश्चिमेकडच्या वर्षावनातल्या शिकारी समूहांशी जास्त जवळचं होतं. एका मुलाकडे ए०० ही पुरुषरेषांतली सर्वांत खोल शाखा मिळाली. जागा तीच म्हणून माणसं तीच, असं धरायचं नाही, हे यातून पक्कं होतं.

पूर्व आफ्रिकेचा थर गुरांचा. लेव्हांटकडून (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून) आलेला अंश, नाईलच्या खोऱ्यातले लोक आणि स्थानिक शिकारी-संकलक यांच्या मिसळीतून केनिया-टांझानियातले पशुपालक घडले. याचा सुंदर पुरावा दुधात आहे. मोठेपणी दूध पचवू देणारे बदल लॅक्टेज जनुकाच्या सुमारे १४ हजार अक्षरं आधी, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या पोटात असतात. युरोपात आणि भारतात दिसणारा बदल १३९१० या जागेवरचा. केनिया-टांझानियात तो नाही. तिथे १४०१०वरचा स्वतंत्र बदल आहे. त्याचं वय २७०० ते ६८०० वर्षं धरलं जातं. सुदान-इथिओपियाकडे १३९०७, अरबस्तानाच्या बाजूला १३९१५. हाच १४०१० पार दक्षिणेला नामा मेंढपाळांत सापडतो, म्हणजे गुरं-मेंढरं राखणारी माणसंच तिथवर गेली होती, केवळ कल्पना पोचली नव्हती. आणि सहेलमधल्या (सहाराच्या दक्षिण काठावरच्या) फुलानी पशुपालकांकडे पुन्हा १३९१०, उत्तरेकडून आलेला. यातला व्यावहारिक मुद्दा असा की फक्त १३९१० तपासणारी चाचणी मासाई माणसाला 'तुम्हाला दूध पचत नाही' असं सांगेल, आणि तो आयुष्यभर दुधावरच जगत आलेला असेल.

आता हाताने काम करायचं तर. पहिली अडचण डेटाची. हजार जीनोम प्रकल्पात २६ समूहांतले २५०४ लोक आहेत. त्यात आफ्रिकेतले समूह पाच: योरुबा आणि एसान नायजेरियातले, मेंडे सिएरा लिओनचे, मांडिंका गांबियाचे, लुह्या केनियाचे. नकाशावर हे पसरलेले दिसतात, पण पाचांपैकी चार पश्चिमेतले आणि पाचही नायजर-काँगो भाषाकुळातले. खोई-सॅन नाहीत, पूर्वेतले नायलोटिक आणि कुशिटिक भाषिक नाहीत, वर्षावनातले म्बुटी-बाका नाहीत. म्हणजे 'आफ्रिका' म्हणून हा संच वापरला तर खंडातली एकच मोठी शाखा हाती येते. मानवी जीनोम वैविध्य संच जोडला तर म्बुटी, बियाका आणि सॅन मिळतात, पण सॅनचे नमुने बोटांवर मोजण्याइतके. २०२० साली एच३आफ्रिका प्रकल्पातून ५० समूहांतल्या ४२६ लोकांचे जीनोम आले आणि त्यात पूर्वी कुठेही न नोंदलेले ३० लाखांहून अधिक बदल सापडले. इतक्या कमी माणसांत इतकं नवं सापडावं, यावरून आधीचे संच किती अपुरे होते ते समजा.

दुसरी अडचण चिपची. जुन्या जीनोटायपिंग चिपवरच्या (जीनोमच्या ठरावीक जागाच तपासणाऱ्या) जागा बहुतांशी युरोपीय लोकांत 'बदलत्या' दिसल्या म्हणून निवडलेल्या. अशा चिपवर सॅन माणसाचं वैविध्य फ्रेंच माणसापेक्षा कमी निघू शकतं! पट्टीच चुकीची. शक्य असेल तर संपूर्ण जीनोम वापरा. नसेल तर ह्यूमन ओरिजिन्स चिपचा डेटा घ्या. त्यात सुमारे ६ लाख जागा आहेत आणि त्या कोणाच्या जीनोमवरून निवडल्या ते नोंदलेलं आहे, त्यात सॅन आणि योरुबा व्यक्तीही आहेत. दोन वेगळ्या चिपांचा डेटा एकत्र केला की सामाईक जागा झपाट्याने गळतात. ५० हजारांच्या खाली गेलात तर जवळच्या समूहांमधले बारकावे विसरा.

एकत्र करतानाची शिस्त अशी. आधी दोन्ही संच संदर्भ जीनोमच्या एकाच आवृत्तीवर आणा, ३७ किंवा ३८. मग ए-टी आणि सी-जी जोडीच्या जागा सरळ काढून टाका; या जागांवर कोणती साखळी वाचली ते ओळखता येत नाही आणि उलटी साखळी लागली की दोन प्रयोगशाळांमधला फरक दोन लोकसमूहांमधला फरक म्हणून पुढे येतो. ज्या जागा ५ टक्क्यांहून जास्त लोकांत रिकाम्या आहेत त्या गाळा. हार्डी-वाइनबर्ग तपासणी (एका जागेवरच्या प्रकारांच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का ते पाहणारी) मात्र प्रत्येक समूहात वेगळी करा. सगळे आफ्रिकी नमुने एकत्र टाकून ती केली तर समूहांमधल्या फरकामुळेच चांगल्या जागा 'सदोष' ठरतात, आणि आपल्याला जे बघायचं तेच आपण फेकून देतो. तसंच वारंवारता ५ टक्क्यांखालच्या जागा सवयीने गाळू नका. आफ्रिकी वैविध्याचा मोठा भाग तिथेच असतो.

त्यानंतर नातेवाईक शोधायचे. किंग या साधनाने काढलेला नात्याचा गुणांक ०.०८८४च्या वर गेला की दुसऱ्या पायरीचं किंवा त्याहून जवळचं नातं. जोडीतला एक काढा. लुह्या नमुन्यांत न नोंदवलेली नाती पूर्वीच सापडलेली आहेत, आणि छोट्या शिकारी समूहांत तर ती असणारच. न काढल्यास विश्लेषणात एक कुटुंब स्वतंत्र 'लोकसमूह' म्हणून उभं राहतं. मग एकमेकींना चिकटून जाणाऱ्या जागा छाटायच्या: प्लिंक या साधनात ५० जागांची खिडकी, १०ची पायरी, ०.१ची मर्यादा हे चालतं. आफ्रिकेत हे चिकटलेले पट्टे आखूड असतात. २००२च्या मोजणीत निम्मा जीनोम व्यापणारे पट्टे योरुबांत २२ हजार अक्षरांहून आणि युरोपीयांत ४४ हजारांहून मोठे निघाले. याच कारणाने युरोपीयांसाठी केलेली चिप आफ्रिकेत रोगाशी जोडलेला बदल 'जवळून' पकडू शकत नाही, आणि रिकाम्या जागा भरून काढायच्या तर आफ्रिकी संदर्भसंचच लागतो.

समूहांची संख्या सारखी ठेवा. ५०० योरुबा आणि १० हाड्झा (टांझानियातले शिकारी-संकलक) एकत्र दिले तर मुख्य घटकांचा आलेख (माणसांना जनुकीय जवळिकीनुसार मांडणारा) योरुबांचाच होतो. प्रत्येकी २०-३० पुरेसे. अ‍ॅडमिक्स्चरचे रंगीत पट्टे (प्रत्येक माणसाचा जीनोम किती गटांत कसा वाटला जातो ते दाखवणारे) सगळ्यांना आवडतात, आणि सर्वांत जास्त गैरसमजही तेच करतात. गटसंख्या २पासून १२-१४पर्यंत, प्रत्येकी किमान १० वेळा वेगळ्या सुरुवातीने चालवा. एकेका रंगाला 'पूर्वज' म्हणू नका. हाड्झांचा रंग नेहमी वेगळा पडतो तो त्यांची संख्या लहान राहिल्यामुळे, ते कुठल्या शुद्ध मूळ वंशाचे म्हणून नव्हे. २००९ साली १२१ आफ्रिकी समूहांवरच्या मोठ्या अभ्यासात १३२७ खुणांवरून १४ गट निघाले. ते त्या खुणांचे आणि त्या नमुन्यांचे १४ आहेत. नमुने बदलले की आकडा बदलतो. मिसळ सिद्ध करायची असेल तर एफ३, एफ४ या कसोट्या (समूहांतल्या बदलांच्या प्रमाणांची तुलना करणाऱ्या) लावा आणि झेड (फरक योगायोगापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) एफ३मध्ये उणे ३च्या खाली, एफ४मध्ये ३च्या वर किंवा उणे ३च्या खाली गेल्याशिवाय बोलू नका.

साधी तांत्रिक चूक किती मोठी होऊ शकते त्याचं उदाहरण इथिओपियातल्या मोता गुहेतला माणूस, साधारण ४५०० वर्षांपूर्वीचा. २०१५ साली त्याचा जीनोम आला आणि निष्कर्ष निघाला की युरेशियातून परतलेल्या लोकांचा अंश थेट योरुबा नि म्बुटींपर्यंत, सगळ्या आफ्रिकेत पसरला आहे. २०१६ साली लेखकांनी स्वतःच दुरुस्ती दिली. सॅमटूल्स या जीनोम हाताळणाऱ्या साधनाचं फलित प्लिंकला जुळवणारी एक पायरी चालवायची राहिली होती. त्यामुळे मोताच्या ज्या जागा संदर्भ जीनोमसारख्याच होत्या त्या 'माहिती नाही' म्हणून गळल्या, आणि मोता होता त्याहून जास्त वेगळा दिसला. पूर्व आफ्रिकेतला परतीचा अंश खरा ठरला, खंडभर पसरल्याचा दावा पडला. त्यांनी कोड आणि डेटा उघडा ठेवला होता म्हणून हे सापडलं. दोन संच जोडल्यावर प्रत्येक नमुन्यात संदर्भासारख्या, वेगळ्या आणि रिकाम्या जागांचं प्रमाण किती, एवढं मोजलं तरी अशी चूक पाच मिनिटांत दिसते.

प्राचीन डीएनए हाताळणार असाल तर आणखी दोन गोष्टी. उष्णतेत डीएनए लवकर तुटतो, म्हणून कानामागच्या दगडी हाडातूनच बहुधा काही मिळतं. तुटताना टोकांना सी अक्षराचं टी होतं. रासायनिक दुरुस्ती केलेली नसेल तर सी-टी आणि जी-ए जागा गाळून चालवून बघा. निकाल पालटला तर तो इतिहास नव्हता, तो क्षय होता.

गृहीतकं आणखी एका ठिकाणी अंगलट येतात. निअँडरथल अंश शोधणाऱ्या जुन्या पद्धती आफ्रिकी लोकांना 'शून्य अंशाचे' धरून तुलना करत. त्यामुळे आफ्रिकेतला अंश दिसणंच शक्य नव्हतं. तुलनागटाशिवाय चालणारी पद्धत २०२० साली आली तेव्हा आफ्रिकी व्यक्तींतही सरासरी १.७ कोटी अक्षरं, म्हणजे सुमारे ०.३ टक्के अंश निघाला. तो मुख्यतः परत आलेल्या लोकांबरोबर आलेला.

औषधोपचाराकडे हेच घसरणं जास्त महाग पडतं. 'आफ्रिकी' अशी एक चौकट भरून डोस ठरत नाही. एफाव्हिरेंझ हे एचआयव्हीवरचं औषध शरीरातून काढणाऱ्या सीवायपी२बी६ जनुकाचा मंद प्रकार आफ्रिकेतल्या बऱ्याच समूहांत जास्त आढळतो, आणि तिथे नेहमीच्या मात्रेने चक्कर, भास असा त्रास होतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत जवळपास सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर डफी प्रथिन नसतं. त्यामुळे व्हायवॅक्स मलेरिया सहसा लागत नाही, पण रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची मोजणीही मुळातच कमी येते. युरोपीय आकडे लावले की निरोगी माणूस आजारी ठरतो. मूत्रपिंडाच्या आजाराशी जोडलेले एपीओएल१चे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकेत भरपूर आहेत, इथिओपियात जवळपास नाहीत. उलट बाजूने, कोलेस्टेरॉल कमी ठेवणारे पीसीएसके९मधले दोन बदल आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत सापडले, साधारण २ टक्क्यांत, आणि त्यातून जगभर चालणारी औषधं निघाली.

नावांबद्दल थोडं. नमुन्याच्या रकान्यात 'बुशमन', 'पिग्मी', 'आफ्रिकी' असं लिहिलेलं असेल तर पुढे जाऊ नका. समूह स्वतःला काय म्हणवतो, गाव कोणतं, भाषा कोणती, हे शोधा. सॅन समूहांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. परवानगी फक्त व्यक्तीची नाही तर समूहाचीही घ्यायची, आणि निकाल छापण्याआधी त्यांना दाखवायचे, असा तिचा रोख आहे. खुला डेटा वापरतानाही मूळ संमतीत काय लिहिलं आहे ते वाचा. वंशावळ सांगायला दिलेला नमुना रोगाच्या अभ्यासाला वापरता येतोच असं नाही.

आता सिद्दी. मुरूड-जंजिरा आणि इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर यांमुळे आपल्या डोक्यात सिद्दी म्हणजे हबशी, आणि हबशी म्हणजे अ‍ॅबिसिनिया असं समीकरण पक्कं आहे. २०११ साली कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा आफ्रिकी अंश बांटू भाषिक समूहांशी जुळला. पोर्तुगीज मोझांबिकहून गोव्यात गुलाम आणत होते, त्या वाटेशी हे जुळतं. 'हबशी' हा शब्द आपल्याकडे कधीच कुठल्याही आफ्रिकी माणसासाठी सरसकट झाला होता. त्याच अभ्यासात मिसळीची तारीख सुमारे २०० वर्षांपूर्वीची आली. ती आगमनाची तारीख धरू नका. मिसळ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली तर ही पद्धत अलीकडचीच तारीख देते. आणि उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीतल्या सिद्दींवरून जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल बोलता येत नाही. दोघांचा भारतात येण्याचा मार्ग आणि हुद्दा दोन्ही वेगळे. तसंच गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेल हा सिद्दींकरवी आलेला, असं कोणी म्हणालं तर थांबवा. तिथल्या सिकल बदलाभोवतीचा पट्टा अरब-भारतीय प्रकारचा आहे, आफ्रिकेत ठळक असलेल्या बेनिन किंवा बांटू प्रकारचा नाही.

हे विश्लेषण स्वतः करायचं झालं तर एक सापळा ठरलेला आहे. सिद्दी लुह्यांना जवळ की इथिओपियातल्या अम्हारांना, अशी सरळ एफ४ कसोटी लावली तर उत्तर अम्हारांकडे झुकेल. कारण अम्हारांत पश्चिम युरेशियाचा मोठा अंश आहे आणि सिद्दींच्या भारतीय अंशातही तोच आहे. दोघांच्या जवळिकीत आफ्रिकेचा काही संबंधच नसतो. म्हणून आधी आरएफमिक्ससारख्या साधनाने प्रत्येक गुणसूत्रावरचे भारतीय तुकडे ओळखून झाका आणि फक्त आफ्रिकी तुकड्यांची तुलना करा. संदर्भाला लुह्या, मोझांबिकचे प्रकाशित नमुने, इथिओपियातले समूह, गुजराती आणि शक्य तर कोंकणी भाषिक. पोर्तुगीज शक्यता तपासायला हजार जीनोममधले स्पेनचे नमुने. आफ्रिकी अंश ६० टक्के धरला तर ८ पिढ्यांपूर्वीच्या मिसळीचे आफ्रिकी तुकडे सरासरी ३१ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरच्या अंतराचं एकक) लांब असायला हवेत, १४ पिढ्यांपूर्वीच्या, म्हणजे साधारण ४०० वर्षांपूर्वीच्या मिसळीचे १८च्या आसपास. सरासरीवर थांबू नका, लांबीचा पूर्ण आलेख काढा. लांब तुकड्यांमागे आखूड तुकड्यांची शेपटी अपेक्षेपेक्षा जाड निघाली तर जुनी मिसळही आहे. मात्र दोन प्रती वेगळ्या करताना झालेल्या चुका लांब तुकडे मधेच तोडतात आणि अगदी तशीच शेपटी तयार करतात. त्यामुळे आई-वडील-मूल अशी दोन-चार त्रिकुटं नमुन्यात असल्याशिवाय त्या शेपटीवर विश्वास ठेवू नका.